न उघडलेले फोटो

चिखलीत माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. शेतकरी कपाशीच्या बोंडांचे फोटो मोबाइलवर पाठवायचे आणि मी सल्ला द्यायचो. नेट इतकं रडतखडत चालायचं, की फोटो उघडेपर्यंत चहा निवायचा. कोण वाट बघणार? त्या धुरकट हिरव्या चौकोनाकडे बघूनच मी लिहायचो, "बोंड चांगलं आहे. बीटी कपाशीवर अळी येत नाही." बियाणं मीच विकलेलं, मग शंका तरी कशाला घ्यायची?

पुढे दुकानात वेगवान वायफाय बसवलं. बिलं झटपट निघायला लागली. त्या हौसेत मी जुने फोटो उघडायला बसलो. बोट लावलं की फोटो लख्ख समोर. पहिल्याच फोटोत फोडलेलं बोंड होतं आणि आत गुलाबी अळी. दुसऱ्यातही तीच. तिसऱ्यात तर तीन.

चौथा फोटो गावाकडच्या काकांनी महिन्यापूर्वी पाठवलेला. खाली माझं तेच ठरलेलं उत्तर होतं. त्याखाली काकांनी लिहिलं होतं, "तू पाह्यलं ना रे, मंग मले काई घोर नाही."