उकळत्या रसाला नारळ

मुकादम गणपतदादांनी नारळ कपाळाला लावला आणि भट्टीच्या तोंडावर हात नेला. आत लोखंड वितळून डुलत होतं. मी त्यांचं मनगट धरलं.

"साहेब, हात सोडा. नव्या भट्टीचा पहिला रस हाय. मान द्यायलाच पायजे."

नव्वदचं दशक सरत आलं होतं. कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत मी सेफ्टी ऑफिसर होतो. कोळशाची जुनी भट्टी जाऊन विजेवरची आली होती. तिचं लायनिंग, म्हणजे आतला थर, गणपतदादांच्या माणसांनी ठोकलं होतं. ते सबकॉन्ट्रॅक्टर, आमच्या पगारावर नाहीत, पण आमच्या अटींवर. जुन्या भट्टीत पेटवायच्या आधी थंड कोळशावर नारळ ठेवायची पद्धत होती. इथं कोळसाच नाही, म्हणून दादा रस व्हायची वाट बघत थांबले.

ती दुपार अजून डोळ्यांपुढं येते. भट्टीची गुणगुण चाललेली, पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हात धूळ तरंगत होती. त्या केशरी रसाकडं बघत राहिलं की माणूस भान विसरतो. भट्टीच्या उंच माचावर कठड्याला टेकलेली सगळी माणसं तशीच गुंगली होती. मलाही नजर काढवत नव्हती.

आमच्यात याला 'वेट चार्ज' म्हणतात. ओली वस्तू रसात बुडाली की पाण्याची झटक्यात वाफ होते आणि लोखंड छतापर्यंत उडतं. नारळात तर पाणी कोंडलेलंच.

मॅनेजर खालून म्हणाले, "कांबळे, दोन मिनिटांचं काम. होऊ दे की."

"साहेब, स्टॉप वर्क." म्हणजे धोका दिसला की मी काम थांबवायचं, समोर मालक का असेना.

दादा शांतपणे बोलले, "तुमचा देवावर इश्वास न्हाय, म्हणून आमच्या आड येताय व्हय?"

लागलं मला ते. राग गिळला. "दादा, गेटबाहेर फोडा. मीपण हात जोडून उभा राहतो. पण इथं न्हाय."

दादा तणतणत उतरले. गेटपर्यंत जायचाही धीर नव्हता. खाली रसावरून नुकतीच काढलेली मळी पडली होती, वरून काळी, आतून लाल. तिच्याशेजारच्या गर्डरवरच त्यांनी नारळ आपटला. पाणी मळीच्या भेगेत गेलं आणि धाडकन आवाज झाला. निखारे उडाले. दादांच्या पँटला भोकं पडली, पण अंगाला काही लागलं नाही.

दादांनी वर बघितलं. कठड्याला त्यांचा धाकटा भाऊ उभा होता.

"घोटभर पाणी बी न्हवतं की हो," म्हणत त्यांनी हातानं भावाला खाली बोलावलं.

सबकॉन्ट्रॅक्टरच्या अटींत पुढं एक ओळ वाढली: पूजा भट्टी थंड असतानाच करावी. हेल्मेट-बेल्टच्या अटींवर सह्या करून सगळे विसरायचे. ही मात्र मला कधीच सांगावी लागली नाही. नवा माणूस आला की गणपतदादा आधी भावाकडं बोट दाखवायचे, मग अट सांगायचे.