आबांच्या घरातल्या वसाहती

आबांना कुणी काही फुकट दिलं की ते आधी त्या माणसाकडे बघायचे, मग त्या वस्तूकडे आणि मग पुन्हा त्या माणसाकडे. एकदा शेजारच्या मॉरागबाईंनी सुपाचं भांडं आणून दिलं. बाहेर कडाक्याची थंडी, बाई कोटसुद्धा न घालता कुंपणापलीकडून आलेल्या. आबांनी भांडं घेतलं, थँक्यू म्हणाले, दार लावलं आणि झाकण उघडून मला विचारलं, "हिला आपल्या ड्राइव्हवेवर गाडी लावायची असेल का गं?" मी म्हटलं, "अहो आबा, साधं मसुराचं सूप आहे." त्यावर म्हणाले, "देणाऱ्याचे हात बघायचे नसतात, पाय बघायचे. किती आत आलेत ते." आणि मग चांगले दोन बाऊल सूप प्यायले.

आबा म्हणजे माझे सासरे. मूळचे वाईचे, पण ग्लासगोत इतकी वर्षं काढलेली की वाईची मंडळी त्यांना 'स्कॉटलंडचे' म्हणत, आणि स्कॉटलंडची मंडळी अजूनही विचारत, "बट व्हेअर आर यू रिअली फ्रॉम?" हयातभर त्यांनी इथल्या शाळेत इतिहास शिकवला. रिटायर झाल्यावर लायब्ररीच्या वरच्या खोलीत मोठ्या माणसांचा एक वर्ग घ्यायचे. विषय ठरलेला. अमेरिका, ती पण 'अमेरिका' हे नाव पडायच्या आधीपासून ते तिथल्या वसाहती राजाविरुद्ध कुरकुरायला लागेपर्यंत. पुढचं शिकवायचे नाहीत. पुढचं सिनेमात दाखवतात म्हणायचे. भारताचा इतिहास का नाही शिकवत, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "भारताचा शिकवला तर हे म्हणतात हा पक्षपाती. ब्रिटनचा शिकवला तर म्हणतात ह्याला काय ठाऊक! अमेरिका बरी. तिथं माझं कुणी नाही, त्यामुळे मला सगळ्यांचाच संशय घेता येतो."

लग्न होऊन मी नागपूरहून आले त्या पहिल्या हिवाळ्यात, सासऱ्यांवर छाप पाडावी म्हणून त्या वर्गाला गेले होते. एक रिटायर्ड बसड्रायव्हर, दोन नर्सबाई, लायब्ररीत ऊब घ्यायला आलेले एक आजोबा, असा मेळा. आबांनी फळ्यावर एक जहाज काढलं, लगेच पुसलं, आणि विचारलं, हे यायच्या आधी तिथे कोण राहत होतं? ऊब घेणारे आजोबा म्हणाले, "नोबडी मच." आबा शांतपणे म्हणाले, "मग मका कुणी पेरला होता?" नंतर त्यांनी सांगितलं की जहाजातून उतरलेली माणसं उपाशी मरायला टेकली होती आणि तिथल्या लोकांनीच त्यांना मका देऊन जगवलं. हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला की जणू आपल्याच भावाने अनोळखी माणसाला जामीन राहावं. परतीच्या बसमध्ये माझ्याकडे वळून म्हणाले, "हे त्यांना इंग्लिशमध्ये नीट सांगता येत नाही बघ. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी."

बस शहराच्या सेंटरमधून जायची तेव्हा ते खिडकीतून बोट दाखवत. ही दगडी इमारत, तंबाखू. ते खांबवालं, तेही तंबाखूच. ग्लासगोचे व्यापारी व्हर्जिनियाच्या तंबाखूवर गबर झाले, रस्त्यांना तिकडची नावं देऊन बसले, आणि तिकडे गडबड सुरू झाल्यावर काहींचं दिवाळं निघालं. "जमीन एकाची, राबायला आणलेले गुलाम दुसरीकडचे, आणि बंगला बघ कुणाचा," आबा म्हणायचे. एवढं सुंदर शहर त्यांनी मला अशा रीतीने दाखवलं की अजूनही एखादी नक्षीदार कमान दिसली की मी आधी तिच्या मालकाचा संशय घेते.

आम्ही त्यांच्याकडे राहायला गेलो ते 'थोडे महिने' म्हणून. सासूबाईंना मी पाहिलंच नाही, आमचं लग्न ठरायच्या आधीच त्या गेल्या. माझा नवरा निनाद म्हणाला, फ्लॅट मिळेपर्यंत आबांकडे राहू, त्यांनाही सोबत होईल. माझे वडील मी कॉलेजात असताना गेले, त्यामुळे मला ही कल्पना फारच आवडली. खरं सांगते, त्या घरात मला दुसरं काही नको होतं. आबांनी एकदा मला घरची म्हणावं, एवढंच हवं होतं. आम्ही बॅगा घेऊन दारात उभे राहिलो तेव्हा आबांनी विचारलं, "किती दिवस?" निनाद म्हणाला, "जस्ट टिल स्प्रिंग, आबा." आबांनी बॅगा मोठ्या आहेत की लहान ते बघितलं आणि म्हणाले, "थंडी संपेपर्यंत. हो. सगळे असंच म्हणतात."

मग माझी एकेक वस्तू घरात जागा धरू लागली आणि आबा तिला अमेरिकेतल्या वसाहतींची नावं देऊ लागले. खिडकीतली कढीपत्त्याची कुंडी म्हणजे व्हर्जिनिया. फ्रिजमधला मधला कप्पा मेरीलँड. आम्ही दाराशी शू-रॅक ठेवला तर सकाळी पेपर वाचता वाचता म्हणाले, "पेनसिल्व्हेनिया स्थापन झालेली दिसतेय." माझा कुकर आला त्या दिवशी तोफखाना आला. निनाद वैतागायचा. तो ग्लासगोतच जन्मलेला, त्याचं मराठी आईच्या मांडीवर शिकलेलं आणि तिथेच थांबलेलं. "आबा, इट्स अ शेल्फ! ती शेल्फ माझा पण आहे ना?" मला मात्र आधी हसू यायचं. नंतर नंतर वाटायला लागलं, म्हातारा गमतीने म्हणतोय की खरंच मोजमाप ठेवतोय?

वरच्या मजल्यावर पॅसेजमधला तपकिरी गालिचा संपून हिरवा सुरू व्हायचा. हिरव्याच्या टोकाला सासूबाईंची मागची खोली. आबांनी मला तिथवर नेऊन पायाने दाखवलं. "इंग्लंडच्या राजाने डोंगराच्या रांगेवर अशीच एक रेघ ओढली होती. पलीकडे मूळच्या लोकांची जमीन, अलीकडे तुम्ही. ओलांडायची नाही." मी विचारलं, "मग ऐकलं का लोकांनी?" हुशार विद्यार्थी मिळाल्यासारखे आबा खूश झाले. "कुणीसुद्धा नाही!" म्हणाले, आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

नवरात्रात मी ती रेघ ओलांडली. आईने लग्नात दिलेली माझी अन्नपूर्णा तोवर सुटकेसमध्येच होती. आमच्याकडे मुलगी माहेरची अन्नपूर्णा घेऊन जाते आणि ती सासरच्या देवांत बसते. त्यात विचारायचं काय असतं? देव्हारा त्या मागच्या खोलीत. आबा वर्गाची पुस्तकं बदलायला गेले होते. मी आंघोळ करून वर गेले, सासूबाईंचे देव पुसले, थोडे सरकवले आणि मध्ये माझी अन्नपूर्णा ठेवली. निरांजन लावलं. मला भरून आलं होतं. वाटलं, आता मी या घरची झाले.

आबा आले आणि दारातच थिजले. "आधी क्रूस रोवतात," ते म्हणाले, "झेंडा नंतर." मग आत येऊन त्यांनी माझी अन्नपूर्णा उचलली, खाली नेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत कढीपत्त्याजवळ ठेवली. माझा तोल गेला. "आबा, ही काही शू-रॅक नाहीये. माझ्या आईने दिलीय. सुनेची अन्नपूर्णा आहे, पाहुणीची नाही!" आबा देवाला कधी हात जोडत नसत, तरी रोज त्या खोलीतली धूळ पुसत. ते खुर्चीवर बसले. "ते देव तिने मांडले होते," म्हणाले. "बाळकृष्ण जरासा तिरका. आजारी होती, हात कापायचे. तू सरळ केलास." आम्ही दोघांनी कधी यावर पुन्हा चर्चा केली नाही, पण त्या दिवसापासून मी जिन्यावर चढले की खालून आबांचा टीव्ही म्यूट व्हायचा. माझी पावलं कुठे जातात ते ऐकत असायचे.

त्याच सुमारास बँका कोसळल्या आणि आमचा ठरलेला फ्लॅट हातचा गेला. मॉर्गेज द्यायला कुणी तयार होईना. नाताळानंतर कळलं की मला दिवस राहिलेत. आता रिकामी म्हणण्यासारखी एकच खोली होती. मी निनादला परोपरीने सांगितलं की तू तो विषय काढू नकोस. त्याने काढलाच, सकाळी, चहा पिता पिता.

"आबा, वी नीड दॅट रूम. बाळासाठी. ती एम्प्टीच पडला आहे ना?"

"पश्चिमेची जमीन रिकामीच आहे, तेही असंच म्हणायचे."

"आय ॲम नॉट अ कॉलनिस्ट! मी तुमचा मुलगा आहे!"

"वसाहतवाले राजाला हेच तर सांगत होते," आबा म्हणाले. "आम्ही तुमचीच लेकरं, आम्हाला का अडवता?"

निनाद उठला आणि त्याने आपला भरलेला कप सिंकमध्ये पालथा केला. आबांनी सिंककडे पाहिलं. "चहा पण ओतलास. वसाहतवाल्यांनी राजाचा चहा असाच समुद्रात ओतला होता. बरोबर क्रमाने चाललंय." मी खो खो हसले, आणि हसता हसता रडायला लागले. दोघेही बाप-लेक घाबरून माझ्याकडे बघत राहिले.

त्यानंतर आबा बदलले. फोनवर हळू बोलायचे आणि मी आले की ठेवून द्यायचे. एकदा मी ऑफिसातून लवकर आले तर सूट-टाय घातलेला एक माणूस आमच्या दारातून बाहेर पडत होता. "कोण होता, आबा?" "मीटर बघायला आला होता." "टाय लावून?" "नवी पद्धत असेल." मी रात्री निनादला म्हटलं, एस्टेट एजंट होता, आबा घर विकतायत, बाळ व्हायच्या आत आपल्याला बाहेर काढणार. निनाद म्हणाला, "डोंट बी डाफ्ट, काहीतरीच काय," पण त्यालाही झोप लागली नाही. नंतर कितीतरी दिवस आबांनी मला फळं आणून दिली, ती मी धुताना उलटीसुलटी करून पाहायची. घरात आता आम्ही दोघं संशयी होतो.

मग एका रविवारी मी पोहे केले होते. आबांचं खाऊन झालं, त्यांनी बशी विसळून ठेवली आणि म्हणाले, "मी फ्लॅट घेतलाय. म्हाताऱ्यांसाठीचे असतात ना ते, खाली वॉर्डन असतो. तो टायवाला तिथला मॅनेजर. मी जिने चढू शकतो की नाही ते बघायला आला होता."

मी म्हटलं, "आबा, आम्ही जातो. भाड्याने काहीतरी बघतो. घर तुमचं आहे, मला घर नकोय हो. माझ्या बाळाला आजोबा हवेत."

"तुम्ही वाईट नाही गं," आबा म्हणाले. इतक्या मऊ आवाजात ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. "तेही सगळे वाईट नव्हते. थंडी होती, पोरंबाळं होती. त्यांना जागा हवीच होती."

"मग तुम्ही का जाताय?"

"कंटाळलो. तुझ्या पावलांकडे कान लावून बसायचं, मग त्याची लाज वाटायची, आणि मग परत कान लावायचा. असं म्हातारपण नको मला."

मी पुष्कळ विनवण्या केल्या, अबोला धरला, शेवटी भांडलेसुद्धा. आबा बधले नाहीत. वसंतात त्यांनी ती मागची खोली स्वतः रिकामी केली, कुणाला हात लावू दिला नाही. देव एका टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेऊन गाडीत बसले. इतके दिवस ज्याचा आळ माझ्यावर होता ते सगळं घर मला मिळालं, आणि मी त्या हिरव्या गालिच्यावर बसून रडले. ज्यांनी मला घरची म्हणावं असं वाटत होतं, तेच घरातून गेले होते.

आबांना वारून आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांचा वर्ग चालू होता, आणि शेवटपर्यंत मॉरागबाईंच्या सुपाबद्दल त्यांचं मत बदललं नाही. इथल्या मराठी मंडळात कुणी त्यांचा विषय काढला की लोक त्यांच्या संशयाचे किस्से सांगून हसतात. मीही सांगते. पण मला ते दिसतात बारशाच्या दिवशीचे.

मुलगी झाली होती. मंडळातल्या बायका जमल्या होत्या, वर पाळणा सजवला होता, आणि ज्यांच्यासाठी थांबलो होतो ते आबाच आले नव्हते. बेल वाजली. दार उघडलं तर आबा. बाहेर भुरभुर चाललेली, कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, हातात खेळण्याचा खोका.

"अहो आबा, भिजताय काय? किल्ली विसरलात का?"

त्यांनी खिशातून किल्ली काढून दाखवली. "आहे की."

"मग बेल कशाला वाजवली?"

"घरात माणसं राहत असली की विचारून यावं," आबा म्हणाले. मी त्यांच्या आवाजात टोमणा शोधला. नव्हता. ते खरंच थांबले होते, पायपुसण्याच्या अलीकडे, माझ्या तोंडाकडे बघत. "येऊ का आत?"

दारावर अजून त्यांच्याच नावाची पाटी होती. मी बाजूला सरले आणि त्यांना म्हटलं, "या."