उभं राहण्याची मजुरी

आश्रुबाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पिंगळी स्टेशनातून मालगाडी शिट्टी देऊन निघाली की तो उठायचा, डोक्याला पटका गुंडाळायचा आणि बाहेर पडताना दाराच्या चौकटीवर डोकं आपटून घ्यायचा. दार साडेचार फुटांचं, आश्रुबा साडेपाच फुटांचा. मी शेजारी राहायचो. माझ्याकडे घड्याळ नव्हतं, त्या आवाजावर मी उठायचो.

त्याची बायको मनकर्णा विहिरीवरून डोक्यावर दोन घागरी घेऊन यायची. दारासमोर थांबायची, वरची घागर उतरवायची, मग खालची, आणि वाकून एकेक आत न्यायची. दिवसाला पाच खेपा. मी जन्मभर ओझी वाहिली, म्हणून सांगतो. ओझं चालवत नेण्यात जेवढी ताकद जाते, त्याच्या दुप्पट ते उतरवून पुन्हा उचलण्यात जाते.

"तुमच्या बानं हे दार माणसासाठी केलं का शेळ्यासाठी?" असं ती नवऱ्याला विचारायची, पण ओट्यावर बसलेल्या सासऱ्याला ऐकू जाईल अशा बेतानं.

"शेळ्यासाठीच," म्हातारा लिंबाजी म्हणायचा. "माणसं मागून आली."

निजामाच्या फसली तेराशे सत्तेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे सदतीसच्या दिवाळीत आश्रुबानं नवी चौकट करायचं ठरवलं. भुजंग सुतारानं विचारलं, "उंची किती?" आश्रुबानं मनकर्णाला सुताराच्या अंगणात आणून उभं केलं. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर दोन घागरी, त्याही काठोकाठ भरलेल्या.

"भरून कशाला आणल्या?" भुजंग म्हणाला.

"रिकामी घागर वर बसती. भरली की चुंबळ दबती. मापात फरक पडतो."

भुजंगानं भिंतीवर कोळशानं खूण केली. सात फूट. वर चार बोटं मोकळी धरली.

"घराची भिंत किती उंच?"

"आठ फूट."

"मंग घर कशाला ठेवतो? नुसतं दारच ठेव की."

सगळी गल्ली हसली. मनकर्णाही हसली असती, पण डोक्यावर घागरी होत्या. भुजंगानं सागाची चौकट करायला घेतली आणि बजावलं, "गुढीपाडव्यापर्यंत पैसे आण. राणीसावरगावचा एक पाटील असंच उंच दार धुंडायलाय. पाडवा उलटला की चौकट त्याची."

आम्ही दोघं स्टेशनावरचे हमाल. कापसाच्या गाठींवर पोट चालायचं, सागाच्या चौकटी होत नव्हत्या. अशात एका सकाळी हैदराबादच्या गाडीतून व्यंकटराव उतरले. अंगात कोट, डोकं उघडं, सोबत चार पेट्या. एकीत कॅमेरा, दोनांत काचेच्या प्लेटा, चौथीत कपडे. तिपाई वेगळी. त्यांना दोन माणसं हवी होती. रोज सहा आणे, भाकरी त्यांची, पैसे काम संपल्यावर एकदम.

काम असं होतं. अण्णासाहेब देशमुख नावाच्या एका बड्या असामीला जिल्ह्यातल्या लहान गावांच्या वेशी, बारवा, देवळं आणि गढ्या यांचं पुस्तक छापायचं होतं. प्रत्येक फोटोखाली त्या इमारतीची उंची पाहिजे होती. उंची मोजायला व्यंकटरावांकडे टेप होता, पण तो पेटीतून निघत नसे. वेशीला टेप लावला की गावकरी गोळा व्हायचे. टेप म्हणजे सरकार आणि सरकार म्हणजे नवा कर. मागच्या एका गावात लोकांनी त्यांचा टेप विहिरीत टाकला होता, हा दुसरा होता.

म्हणून त्यांनी तोड काढली होती. ठाऊक उंचीचा माणूस इमारतीला लागून उभा करायचा आणि फोटो काढायचा. मग कर्कटकानं फोटोतला माणूस मोजायचा आणि इमारत त्याच्या किती पट ते काढायचं.

त्यांनी मालधक्क्यामागे, कुणी बघत नाही अशा जागी आमचे पटके उतरवून आम्हाला मोजलं. मी पाच फूट पावणेपाच इंच. आश्रुबा बरोबर पाच फूट सहा.

"ये अच्छा," व्यंकटराव म्हणाले. "हा हिशेबाला सोपा आहे. आश्रुबा, तू उभा राहा. मुंजाजी, तू पेट्या उचल."

सव्वा इंचापायी माझ्या डोक्यावर मणभर ओझं आलं आणि तो मोकळा. मजुरी सारखीच. बैलगाडी जाईल तिथवर गाडी, पुढे माझं डोकं. मी घामाघूम होऊन पोचायचो तेव्हा आश्रुबा हात झुलवत आलेला असायचा आणि वेशीच्या सावलीत टेकायचा. पंधरा दिवस मी त्याच्याशी धड बोललो नाही.

लोकांचंही माझ्यासारखंच. जिंतूरला पाण्याला निघालेली एक बाई थांबली.

"काय वो, काय करायलाव?"

"उभा हाय," आश्रुबा ओठ न हलवता म्हणाला.

"ते दिसायलंय. काम काय करायलाव?"

"हेच."

"ह्याचे पैसे मिळतेत?"

"सहा आणे."

"आगं बाई! आमच्या घरी एक हाय, तो फुकट उभा ऱ्हातो."

मग चारठाण्याला आश्रुबाचं पोट बिघडलं. तो सकाळपासून शेताकडेच होता, आणि देवळाच्या खांबांवर ऊन तर येत चाललेलं. व्यंकटरावांनी मला खांबाला उभं केलं. पाऊण तास ऊन सरकायची वाट पाहिली. या पाऊण तासात हलायचं नव्हतं, कारण मी हललो की त्यांना काळ्या कापडात शिरून पुन्हा सगळं जुळवावं लागायचं. मग ते म्हणाले, "आता चाळीस मोजेपर्यंत श्वास बी हळू." बाराला माशी नाकावर बसली. वीसला मी तिला फुंकर मारली. धुतल्यावर प्लेटीत मला दोन नाकं होती. दुसऱ्या प्लेटीच्या वेळी गुडघे कापायला लागले आणि खांबाला एकाऐवजी दोन मुंजाजी टेकलेले निघाले.

"हौला है क्या? येडा आहेस का?" व्यंकटराव ओरडले. "एका काचेत तुझी दोन दिवसांची मजुरी जाती!"

मणभर पेटी दोन कोस नेली तरी माझ्या पोटऱ्या तशा दुखल्या नव्हत्या. संध्याकाळी मी आश्रुबाला विचारलं, "तू करतो तरी कसं?"

"लय सोपं हाय," तो म्हणाला. "मनकर्णा डोक्यावर दोन घागरी घेऊन नव्या दारातून आत यायलीय, असं बघत ऱ्हायचं. एकेक पाऊल. घागर हिंदकळू द्यायची न्हाई. ती चुलीपशी पोचली की चाळीस व्हतेत."

त्या दिवसापासून उभं राहण्याला मी काम म्हणतो.

शेवटी दोन गढ्या राहिल्या. एक खुद्द अण्णासाहेबांची, दुसरी पाच कोसांवर त्यांचे चुलत भाऊ गोविंदराव यांची. दोघा भावांत तीस वर्षं बोलणं नव्हतं, पण दोघांच्या दारांची उंची जिल्ह्यात बोलली जायची. गोविंदरावांकडे आम्हाला कुणी पाणीही विचारलं नाही. आश्रुबा आपला झिजलेला पटका डोक्याला चापून बांधून उभा राहिला, फोटो निघाला, आम्ही निघालो. अण्णासाहेबांकडे मात्र थाट. त्यांनी आश्रुबाकडे पाहून नाक मुरडलं. "माझ्या दारात हे असलं चिंधूक?" म्हणाले. आतून लग्नातला फेटा आला. गढीवरच्या माणसानं तो फूटभर उंच बांधून दिला. आश्रुबा नवरदेवासारखा दाराला लागून उभा राहिला.

व्यंकटराव फोटो कागदावर उतरवायला हैदराबादला गेले. पाडव्याला सहा दिवस उरले असताना परत आले आणि पैसे घ्यायला आम्हाला घेऊन गढीवर गेले. अण्णासाहेब फोटो हातात घेऊनच बसले होते.

"व्यंकटराव, माझं दार साडेतेरा फूट?"

"हिशेब तसा निघाला, साहेब."

"आणि गोविंदाचं सव्वाचौदा?"

"जी."

"माझ्या आजानं ते सोळा फूट बांधलंय! मी लहानपणापास्नं ऐकत आलोय. ही अडीच फुटं कुठं गेली? तुम्ही खाल्ली?"

व्यंकटरावांनी कर्कटक काढलं, पुन्हा मोजलं, पुन्हा तेच निघालं. अण्णासाहेब म्हणाले, पुस्तक छापणार नाही आणि पैसा एक देणार नाही. व्यंकटरावांना नाही म्हणजे आम्हालाही नाही. मी आश्रुबाकडे पाहिलं. तो फोटो बघत होता.

"सायेब," तो म्हणाला, "मला मोजलं ते पटक्यासकट का बिगर पटक्याचं?"

व्यंकटरावांनी कर्कटक खाली ठेवलं.

"बिगर पटक्याचं."

"अन् फोटूत?"

फोटोत ते पायापासून फेट्याच्या टोकापर्यंत मोजत आले होते. माणूस अंगठ्याएवढा, डोकं कुठं संपतं आणि फेटा कुठं सुरू होतो ते कुणाला कळणार? फेटा जितका उंच, तितकं दार ठेंगणं. अण्णासाहेबांच्या दाराची अडीच फुटं अण्णासाहेबांच्याच फेट्यात गेली होती. गोविंदरावांचा चिंगूसपणा त्यांच्या कामी आला होता. हे अण्णासाहेबांना समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर ते लाल झाले.

"दोन्ही फोटो पुन्हा काढा! आणि ह्या खेपेला ह्याला उघड्या डोक्यानं उभा करा."

"न्हाई सायेब," आश्रुबा म्हणाला.

"काय न्हाई?"

"बाप जिता हाय माझा. उघड्या डोक्यानं कसा उभा ऱ्हाऊ?"

"अरे, एका मिनिटाचं काम!"

"बाप बी एकच हाय. फोटू छापून गावोगाव जाणार. गावोगाव लोक म्हणतेल लिंबाजी गेला. तो तर ओट्यावर बसून भाकर मागायलाय."

"मग मजुरी विसर."

तीन महिन्यांत पहिल्यांदा मी आश्रुबाला उभ्या जागी पाय बदलताना पाहिलं. पाडवा सहा दिवसांवर आणि चौकट सुताराच्या अंगणात. मी त्याच्या कानात म्हणालो, "आरं, म्हाताऱ्याला काय कळायलंय?"

"मला कळायलंय की," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "दाभण हाय का तुझ्यापशी?"

हमालाच्या कनवटीला दाभण आणि सुतळी असतेच, पोतं कधी फाटेल सांगता येत नाही. आश्रुबा खाली बसला. "माझा पटका बांध, अन् असाच शिवून टाक. मंग पटक्यासकट मोजा मला. दोन्हीकडं हाच पटका, हीच उंची. कमी न्हाई, जास्त न्हाई."

व्यंकटराव अण्णासाहेबांकडे पाहू लागले. अण्णासाहेबांनी हिशेब केला, तो चेहऱ्यावर दिसत होता. शेवटी म्हणाले, "शिवा."

मी त्याचा पटका पोत्याच्या टाक्यानं शिवला. दोनदा दाभण टाळूला लागलं, तो हलला नाही. व्यंकटरावांनी टेप काढला. आता तो काढायला हरकत नव्हती, मोजायचा होता तो माणूस. पाच फूट अकरा इंच. तिथं फोटो झाला. मग पाच कोस चालून गोविंदरावांच्या गावी. त्या मुक्कामी आश्रुबा भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला, पटका चेपायला नको म्हणून. व्यंकटरावांनी सकाळी उठल्याबरोबर पुन्हा टेप लावला. पाच फूट अकरा. मी डोक्यावर खूप ओझी वाहिली, पण असं बिनवजनाचं ओझं दोन दिवस सांभाळणं मला जमलं नसतं.

परत अण्णासाहेबांच्या गढीवर येऊन व्यंकटरावांनी प्लेटा धुतल्या आणि त्यांवरच कर्कटक लावलं. नव्या हिशेबात अण्णासाहेबांचं दार सोळा फूट निघालं आणि गोविंदरावांचं पंधरा. अण्णासाहेबांनी पैसे तिथंच मोजून दिले. व्यंकटराव प्रामाणिक माणूस. म्हणाले, "साहेब, बाकीच्या गावांच्या वेशी बी अशाच चुकल्या असतील. पटका रोज वेगळा बांधलेला होता."

"असू द्या," अण्णासाहेब म्हणाले. "त्या वेशींना कुठं चुलतभाऊ आहे?"

पाडव्याच्या आदल्या दिवशी आश्रुबानं भुजंगाच्या हातावर पैसे ठेवले. चौकट आम्ही दोघांनी खांद्यावरून आणली. भिंत फोडायला, चौकट बसवायला आणि पांढऱ्या मातीनं लिंपायला तीन दिवस लागले. लिंबाजी ओट्यावरून सूचना द्यायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "शेळ्या उंच झाल्यात आमच्या."

त्या दारानं माझं नुकसानच झालं. पहाटेचा आवाज बंद झाला आणि मी दोन दिवस कामावर उशिरा गेलो.

लिंपण वाळल्यावर मनकर्णा पहिली खेप घेऊन आली. दाराशी आली आणि वीस वर्षांच्या सवयीनं वाकली. दोन्ही घागरी लिंबाजीच्या अंगावर गेल्या. म्हातारा भिजून म्हणाला, "ह्याच्यापरीस जुनं बरं व्हतं."

ती घागरी उचलून परत विहिरीवर गेली. आश्रुबा चौकटीला लागून उभा राहिला. पटका नीट, हात सरळ, नजर एका जागी, फोटोला उभा राहायचा तसाच. ती आली. दारासमोर क्षणभर थांबली, मान ताठ केली आणि सरळ आत गेली. वरच्या घागरीच्या काठापासून चौकटीपर्यंत चार बोटं मोकळी राहिली. मी मनात मोजत होतो. ती चुलीपाशी पोचली तेव्हा माझे अकराच झाले होते.

आश्रुबा मात्र चाळीस होईपर्यंत हलला नाही.