माझ्या प्रबंधातले मिस्त्री

मिस्त्री शिकवताना फारसं बोलत नसत. खामगावच्या एका कापसाच्या जिनमध्ये ते नव्या कामगाराचा तळहात धरून चालत्या रेच्याच्या चौकटीवर ठेवत आणि त्याला डोळे मिटायला लावत. सरकी वेगळी करणाऱ्या त्या यंत्राचा रूळ तापू लागला की थरथर बदलते. "बदलली का बे? झोपला का? सांग मले!" एवढीच त्यांची शिकवणी.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी नागपूरला एम.एड. करत होतो. कामगारांना कामाच्या जागीच चित्रांच्या तक्त्यांवरून शिकवता येईल का, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. तक्त्यांसाठी रेच्याचा भाग न् भाग मिस्त्रींनीच मला खोलून दाखवला. तयार चित्र पाहून म्हणाले, "मस्त निंगालं, मास्तर. पण हे बोंबलत नाही."

निम्मे नवे कामगार मी मिस्त्रींकडे दिले, निम्मे तक्त्यांपुढे बसवले. महिन्याने तोंडी परीक्षा घेतली. तक्तेवाले घडाघडा बोलले. मिस्त्रींचे गप्प उभे राहिले. एकाने रेच्याकडे हात नेला, तर मी म्हणालो, "हात नको, सांग."

"हाताले इचारा ना, मास्तर, तोंडाले काऊन इचारता?" मिस्त्री दारातून म्हणाले. सगळे हसले. मीही हसलो आणि शून्य मांडलं.

त्याच आठवड्यात त्या शून्यवाल्याने रूळ तापल्याचं ओळखून रेचा बंद केला. शेजारच्या तक्तेवाल्याला पत्ताच नव्हता. हे मी पाहिलं. माझ्या कोष्टकात त्यासाठी रकाना नव्हता. आखता आला असता, पण प्रबंध द्यायची मुदत जवळ आली होती. मी लिहिलं, 'तक्ते असल्यास शिकवायला वेगळा माणूस ठेवण्याची गरज नाही.' एक प्रत मॅनेजरांना नेऊन दिली.

पुढच्या हंगामात गेलो. तक्ते भिंतीवर लागले होते. मिस्त्री बाहेर आवारात बायांच्या बरोबरीने सरकीची पोती शिवत होते.

"पास झाले ना, मास्तर?"

"हो. पहिला वर्ग."

त्यांनी सुई पोत्यात खोचली आणि बायांकडे वळून ओरडले, "पाहा वं, म्या शिकवलेला पोरगा पहिला आला!"

बाया कौतुकाने बघू लागल्या. आपल्याला इथे कोणी आणून बसवलं हे मिस्त्रींना ठाऊक होतं का, मी विचारलं नाही. मोटारीची वेळ झाली, असं सांगून निघालो. मोटारीला अजून दोन तास होते.