बागेपर्यंतच्या बसायच्या जागा

आमच्या घरापासून बाग अगदी जवळ आहे, असं सगळे म्हणतात. ज्यांचे गुडघे धड आहेत ते म्हणतात. माझ्या बाबांना बागेपर्यंत जाताना तीनदा बसावं लागायचं. आधी इस्त्रीवाल्याच्या फळीवर, मग पिठाच्या गिरणीच्या पायरीवर आणि शेवटी ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर. तिथून उठले की थेट बागेतल्या पारावर. जन्मभर कचेरीत कारकुनी केलेला माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट घातल्याशिवाय आजही उंबरा ओलांडत नाही.

पारावर मामा आधीच येऊन बसलेले असायचे. हे मामा आमच्या नात्यातले नव्हेत. पासलीच्या वरच्या वाडीत शेरडं-मेंढरं राखण्यात त्यांचा जन्म गेला. म्हातारपणी मुलाने त्यांना भोरला आणलं, बागेच्या पलीकडच्या अंगाला घर केलं. पूर्वी कधीतरी एका दाखल्यासाठी ते कचेरीत आले आणि बाबांना चिकटले ते कायमचे. मामांना आता ऐकू येत नाही, त्यामुळे मोबाईलचा उपयोग शून्य. समोर बसून कानाशी ओरडायचं, तरच बोलणं. दोघं रोज संध्याकाळी पारावर बसून भांडायचे, आणि तेवढ्यावर बाबांचा दुसरा दिवस निघायचा.

घाटात ओझं टेकवायला वाटेवर दगड असतात, त्यांच्याबद्दल मामा मला नेहमी सांगायचे. "इसाव्याचा दगुड कोन हलवत न्हाई, पोरी. भावकीत वैर आसलं तरी न्हाई."

आमच्याकडे हलवले. आधी इस्त्रीवाल्याची फळी गेली. ते जुनं घर पाडून तिथे चार मजली इमारत झाली, खाली पार्किंग आणि बाहेर सरकतं लोखंडी गेट. मग रस्ता रुंद झाला, त्यात गिरणीच्या पायऱ्या कापल्या. गिरणी आता छातीइतक्या उंचीवर आहे आणि दळणाचा डबा खालूनच वर द्यावा लागतो. मोरीचा कठडा पाडून तिथे गोल नळ्यांचं चकचकीत रेलिंग बसवलं. त्यावर कावळासुद्धा नीट बसत नाही. प्रत्येक काम वेगळ्या माणसाचं, वेगळ्या वेळचं. कुणाच्या नावाने बोटं मोडायची तेच कळेना, म्हणून मी सगळ्यांच्याच नावाने मोडली.

मग बागेचं सुशोभीकरण निघालं. पार उखडला. जॉगिंग ट्रॅक आला, फायबरची हरणं आली, रंग बदलणारे दिवे आले. आमच्या बाजूचं छोटं फाटक विटांनी बंद केलं आणि मोठ्या रस्त्याच्या बाजूने कमान उभी केली. बाबा एकदा हट्टाने निघाले. मोरीपाशी त्यांचे पाय थरथरायला लागले, रेलिंगला लोंबकळून उभे राहिले. दुधाचा टेम्पो चालला होता, त्याच्या भल्या ड्रायव्हरने उचलून घरी आणून सोडलं. त्यानंतर बाबांनी बागेचं नाव काढलं नाही. संध्याकाळ झाली की शर्ट घालून गॅलरीत बसायचे. मला तो शर्ट बघवत नसे.

आणि एक दिवस चौकात फ्लेक्स लागला, "ज्येष्ठांसाठी हक्काचा विरंगुळा". त्यावर फोटो कुणाचा? बाबांचा आणि मामांचा! जुन्या पारावर बसलेले, मामांचं तोंड उघडं, बाबांचं बोट वर. सुशोभीकरणाआधी मोजमापाला आलेल्या पोरांनी काढला असणार. ज्या पाराचा फोटो लावला तो पारच यांनी उखडला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तडक बागेचं काम पाहणाऱ्या साहेबांकडे गेले. मी निवृत्त शिक्षिका आहे, वर्गावरचा आवाज अजून शाबूत आहे. साहेबांनी शांतपणे नकाशा पसरला. "मॅडम, बसायला भरपूर बाक दिलेत."

"बाकापर्यंत यायचं कसं?"

"रिक्षा करा ना."

मला दोन म्हाताऱ्यांचं भांडण रोज हवं होतं, आणि हा मनुष्य मला रिक्षा सांगत होता. वाटेत कुठेतरी एखादा दगड तरी टाका म्हटलं, तर म्हणाले, रस्त्यात अडथळा चालत नाही.

त्याच आठवड्यात बाजारात मामा भेटले. माझा हात धरून विचारू लागले, "तुजा बा रुसला व्हय माज्यावर? म्या रोज जाऊन बसतू. येतच न्हाई त्यो."

मी त्यांच्या कानाशी ओरडले, "वाटेत बसायला जागाच नाही राहिली, मामा!"

"हाये की," मामा म्हणाले. "लई बाकडी हायेत बागंत. म्या धरून ठेवतू त्याला जागा."

साहेबांचंच उत्तर, पण मामांच्या तोंडून ऐकताना रडू आलं. भर बाजारात, कोथिंबिरीची जुडी हातात धरून मी रडले.

उद्घाटनाला बाबांना न्यायला मोटार आली. फ्लेक्सवरचे आजोबा ना! मामांच्या शेजारी बसवलं, दोघांना गुलाबाची फुलं दिली, बाबांच्या हाती माईक दिला. बाबा एकच वाक्य बोलले, "उद्या गाडी येईल का?"

सगळे खो खो हसले. टाळ्या वाजल्या. साहेबसुद्धा हसले. मांडवात बाबा सोडून कुणाचाही चेहरा गंभीर नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी घरातली प्लास्टिकची खुर्ची उचलली. बाबा पुढे, मी खुर्ची घेऊन मागे. नव्या इमारतीच्या गेटसमोर ठेवली, बाबा बसले, उठले. गिरणीसमोर ठेवली. मोरीवर ठेवली तेव्हा एक स्कूटरवाला ओरडला, "रस्ता काय तुमच्या घरचा हाय का?" मी म्हटलं, "होता!" कमानीपाशी पोचलो तर वॉचमन म्हणाला, बाहेरची खुर्ची आत नेता येणार नाही. भिंतीला लावून ठेवा. ठेवली.

आत मामा एका बाकावर आडवे हात पसरून जागा धरून बसले होते. "आलास व्हय!" म्हणून जे सुरू झाले ते दिवे लागेपर्यंत थांबले नाहीत. पासलीचा तांदूळ चांगला की मार्गासनीचा, यावर दोघांचा गळा बसला. मी लांब उभी राहून ऐकत होते.

निघताना भिंतीपाशी खुर्ची नव्हती. वॉचमन खाली मान घालून म्हणाला, "अतिक्रमणाची गाडी आलती, मॅडम. टाकली त्यांनी गाडीत."

बाबा रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आली म्हणायची गाडी."

रिक्षा बोलावते म्हटलं, तर ऐकेनात. मोरीपर्यंत आले आणि त्या कडक इस्त्रीच्या शर्टात, रस्त्याच्या कडेला, धुळीत बसले. बाबांना मी जन्मात असं जमिनीवर बसलेलं पाहिलं नव्हतं. मागून हॉर्न वाजत होते. मी दोन्ही हात पसरून त्यांच्यापुढे उभी राहिले, आणि ज्याला वाजवायचा त्याने खुशाल वाजवावा म्हणून वर्गावरच्या आवाजात ओरडले.