होयबाचा होकार

वहिनींची लाँड्री म्हणजे बसडेपोमागचा एक लांबट हॉल. आत दोन मोठी मशीन, एक ड्रायर आणि भिंतीला टेकून ठेवलेली गाठोडी. लग्नाआधी त्या एका हॉटेलच्या धुलाईखात्यात कामाला होत्या. कोणता डाग गरम पाण्याने जातो आणि कोणता उलट पक्का होतो, हे त्या तिथे शिकल्या. कमी आणि तोडून बोलायलाही तिथेच शिकल्या.

लाँड्रीचं पोट एका खासगी हॉस्पिटलवर होतं. करार साधा होता. चादरी, उशांचे अभ्रे, पेशंटचे झगे आणि ऑपरेशनच्या खोलीतल्या हिरव्या चादरी. आज नेल्या की उद्या सकाळी परत. यात काही बदल करायचा तर दोन्ही बाजूंनी लेखी. हे कलम वहिनींनीच घालायला लावलं होतं, कारण त्या नवऱ्याला ओळखून होत्या.

नवरा टेम्पो चालवायचा. माणूस सोन्यासारखा, पण ‘नाही’ हा शब्द त्याच्या तोंडून फुटायचा नाही. वहिनींच्या भावाने लग्नानंतर लगेचच त्याचं नाव होयबा ठेवलं, आणि त्यालाही तो हो म्हणाला.

हॉस्पिटलच्या मागच्या दारी मेट्रनबाई असत. “भाऊ, या झग्यांच्या नाड्या तुटल्यात, तेवढ्या लावून द्याल?” होयबा मान डोलवायचा. मग डॉक्टरांचे कोट आले, कडक इस्त्रीचे. मग एके दिवशी वॉर्डातले पडदे आले आणि वहिनींचं डोकं फिरलं.

“हे काय?”

“पडदे.”

“ते मलाही दिसतंय. करारात पडदे कुठे आहेत?”

“अगं, मेट्रनबाई इतक्या प्रेमाने म्हणाल्या...”

“प्रेमावर मशीन चालत नाही. वीज लागते.”

पण बडबडत का होईना, वहिनींनीच एकेक हूक काढून पडदे धुतले. आता आलेच आहेत तर काय करणार! पुढच्या महिन्यात पुन्हा आले, मग येतच राहिले. दर वेळी वहिनी नवऱ्याला फैलावर घेत. हॉस्पिटलला मात्र चकार शब्द नाही.

शेवटी एका पडद्यात राहिलेला हूक ड्रायरच्या ड्रममध्ये अडकला आणि ड्रायर बंद पडला. हिरव्या चादरी ओल्याच राहिल्या, वेळेवर पोचल्या नाहीत. सकाळपासून उपाशी ठेवलेल्या पेशंटचं ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. हॉस्पिटलच्या व्यवस्थापकांचा फोन आला. करार मोडलात, आता आम्ही तो संपवतो आहोत, काय ते येऊन बोला.

वहिनी नवऱ्याला घेऊन तडक हॉस्पिटलला निघाल्या. हे काम गेलं तर हॉलला टाळंच लावावं लागणार होतं.

केबिनमध्ये व्यवस्थापक चष्मा कपाळावर सरकवून बसले होते. मेट्रनबाईही होत्या. ड्रायरचं सगळं ऐकून घेऊन व्यवस्थापक म्हणाले, “म्हणजे चूक तुमची.”

“हो ना,” होयबा म्हणाला.

वहिनींनी त्याला कोपराने ढोसलं. “साहेब, हे ड्रायव्हर आहेत. यांच्या हो-नाहीला काही अर्थ नाही. पडदे करारात नव्हतेच.”

“आमच्यासाठी हेच लाँड्री. दारात रोज हेच येतात, तुम्ही कधी दिसता? बरं, पहिल्यांदा पडदे आले तेव्हा धुतले कोणी?”

“मी.”

“परत का नाही पाठवले?”

वहिनींना आपलीच बडबड आठवली. नवऱ्यावर एवढा आरडाओरडा केला, त्यातला एक शब्द इथे येऊन बोलल्या असत्या तर! पण हरायला त्या आल्या नव्हत्या.

“ठीक आहे, माझ्याकडून यांनी होकार दिला,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडून पडदे द्या असं कोणी सांगितलं?”

“म्हणजे? लाँड्रीवालेच धुऊन देतो म्हणाले ना?” व्यवस्थापकांनी मेट्रनबाईंकडे पाहिलं.

“पडदे धुणारी बाई सोडून गेली,” मेट्रनबाई फणकारल्या. “तुम्ही दुसरी देतो, देतो म्हणत राहिलात. मी काय मळलेल्या पडद्यांची तोंडं बघत बसू?”

“मला विचारलंत?”

“जागेवर सापडला असतात तर विचारलं असतं.”

व्यवस्थापकांचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. त्यांनी एक कागद पुढे ओढला. मग ठरलं ते असं: करार मुदतीपर्यंत चालू राहील, पण हिरव्या चादरी पुन्हा उशिरा आल्या तर संपला. पडदे, नाड्या, कोट बंद. काही वाढवायचं तर व्यवस्थापकांनी वहिनींना लेखी कळवायचं. मागच्या दारी ड्रायव्हर जे बोलेल ते लाँड्रीवर बंधनकारक नाही. हे शेवटचं वाक्य व्यवस्थापकांनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, “मान्य?”

“हो,” होयबा म्हणाला.

परतताना टेम्पोत होयबाने विषय काढला.

“सगळ्यांसमोर मला ड्रायव्हर म्हणालीस.”

“मग टेम्पो कोण चालवतंय? मी?”

“नवरा म्हणता आलं असतं.”

“नवरा म्हटलं असतं तर तुमचा होकार माझ्याच गळ्यात पडला असता. अहो, काम वाचवायचं होतं मला!”

“वाचवलंस ना,” तो म्हणाला, आणि रस्त्याकडे बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी वहिनी मुद्दाम बरोबर गेल्या. मेट्रनबाई दारात आल्या. “भाऊ, आज फार दमलेले दिसता. चहा घेणार?”

होयबाने वहिनींकडे बोट केलं. “हिला विचारा.”

“अहो, चहाचं विचारतेय मी.”

“तेच. हिला विचारा. माझ्या बोलण्याला काही अर्थ नसतो.”

मेट्रनबाईंनी वहिनींकडे असं पाहिलं, जणू या बाईने एका गरीब माणसाची जीभच कापून घेतली.

“घेतील,” वहिनी दात आवळून म्हणाल्या. “साखर जास्त घाला.” आणि हिरव्या चादरींचं गाठोडं त्यांनी स्वतःच उचलून टेम्पोत आदळलं.