सोमवारचं म्युझियम

आमच्या घरात सुट्टीचा वार सोमवार. जगाचा रविवार असतो, पण रविवारी अख्ख्या कोपरखैरण्याला मासे हवे असतात आणि माझी आई मासे विकते. सोमवारी अर्धी गिऱ्हाइकं शंकराला वाहिलेली, उरलेल्यांनी आदल्या दिवशीच पोटभर खाल्लेलं. मग आई टोपली पालथी घालते. दवाखाना, बँक, लग्नाची बोलणी, सगळं सोमवारी. भांडणंसुद्धा ती सोमवारपर्यंत राखून ठेवते, बाकीचे दिवस तोंड गिऱ्हाइकांसाठी लागतं म्हणून. त्यामुळे म्युझियमला जायचं ठरलं तेव्हा कुठल्या वारी, हे कुणी विचारलंच नाही.

म्युझियमचं खूळ घरात आलं ते माझ्या मुलीमुळे. ती तेव्हा सातवीत होती. शाळा सुटली की गावठाणात आजीकडे जाते आणि मी द्रोणागिरीच्या गोदामातून परत येईपर्यंत तिथेच असते. शाळेत त्यांना इजिप्तचा प्रोजेक्ट दिला होता. एका सोमवारी संध्याकाळी मी तिला न्यायला गेले, तर आई ओट्यावर आदल्या दिवशीचे उरलेले बांगडे खारवत बसली होती आणि पोरगी शेजारी मोबाइलवर व्हिडिओ लावून. व्हिडिओतला माणूस सांगत होता, की राजा मेला की त्याला कितीतरी दिवस मिठात ठेवायचे, मग कापडात गुंडाळायचे, आणि ती माणसं हजारो वर्षांनी आजही शाबूत आहेत.

बांगड्याच्या पोटात मीठ भरता भरता आईचा हात थांबला.

"काय बोल्ला त्यो? मिठात?"

"हो आजी. त्यांच्याकडच्या तळ्यातलं मीठ."

"आनि मानूस ऱ्हातो? आख्खा?"

"नखंसुद्धा राहतात," पोरगी मोठ्या उत्साहानं म्हणाली.

आईनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला लगेच कळला. "चल गं, उशीर झाला," म्हणत मी पोरीला जवळजवळ ओढतच घरी आणलं.

तीन पावसाळ्यांपूर्वी माझा धाकटा भाऊ खाडीत चिंबोऱ्या धरायला गेला, तो आला नाही. अमावास्येचं उधाण होतं. दुसऱ्या दिवशी होडी तिवरांच्या झाडीत पालथी सापडली, एक वल्हं सापडलं, तो नाही. फायर ब्रिगेडवाल्यांनी चार दिवस खाडी पालथी घातली. पाचव्या दिवशी त्यांचा साहेब मला बाजूला घेऊन म्हणाला, ताई, आता कठीण आहे. सगळे मलाच बाजूला घ्यायचे. पोलीस स्टेशनला मी, पंचनाम्याला मी, वर्णन सांगायला मी. उंची, रंग, अंगावरचा शर्ट, उजव्या पायावर कोयत्याचा वण. लोक अजून म्हणतात, पोरीनं कंबर कसली म्हणून सगळं निभावलं. कंबर कसली कसली! मला कुणी बस म्हणालंच नाही, म्हणून मी उभी होते.

भटजी म्हणाला, देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग दहावं, तेरावं सगळं रीतसर होतं. आईनं त्याला दारातूनच परतवून लावलं. "गवताला पोर म्हनू? मी गवत नाय जल्माला घातला." भावकी समजावून समजावून दमली. पितृपक्षात घरातल्या सगळ्या गेलेल्यांना पान वाढलं जायचं, त्याला नाही.

तिचं म्हणणं एकच. खाडीच्या गाळात मीठ असतं, आणि मिठात पडलेलं नासत नाही. तिचं माहेर उरणकडचं, बाप आयुष्यभर मिठागरात राबलेला. ती मिठागरं बुजवून आता तिथे गोदामं झाली आहेत, त्यातल्याच एकात मी कॉम्प्युटरसमोर बसते. पण आईचा मिठावर देवापेक्षा जास्त विश्वास. तिच्या मते पोर गाळात आहे, आख्खं आहे, आणि एक ना एक दिवस खाडी ते परत देईल. तेव्हा त्याला खऱ्या लाकडांवर ठेवायचं, गवताचं नाटक नको. तीन वर्षं ती हे बोलत होती आणि आम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करत होतो. आता मोबाइलमधल्या एका शहाण्यानं तिला पुरावा आणून दिला होता.

दुसऱ्याच दिवशी तिचा ऑफिसात फोन. "मना त्यो मिठातला मानूस बघायचाय. तुजी पोरगी बोल्ली, मुंबैला हाय एक."

मुंबईतल्या एका म्युझियममध्ये इजिप्तच्या वस्तू आणल्या होत्या, त्यात एक ममीही होती, हे खरं होतं. मी म्हटलं, बघू. मग म्हटलं, मार्चएंड आहे. मग पोरीची परीक्षा, मग ऊन, मग माझी कंबर धरली. आई दर सोमवारी विचारायची आणि मी दर सोमवारी नवीन कारण द्यायचे. शेवटी ती म्हणाली, "तू नको येऊ. मी जाते एकलीच. इचारत इचारत मानूस काशीला जातो." आई जाईल, यात मला तिळमात्र शंका नव्हती. मी पुढच्या सोमवारची रजा टाकली.

मग तिची तयारी सुरू झाली. लुगडं कुठलं नेसू, तिथे चपला काढायला लागतात का, किती पायऱ्या आहेत. एकदा म्हणाली, "हात लावायला देतील?"

"काचेत असतो, आये."

"मंग आतून मऊ हाय का कडक, कसा कलल? काचेतला मासा मी कदी घेतला नाय."

ती मासा अंगठ्यानं दाबून पाहते. तिला त्या माणसाला दाबून पाहायचं होतं. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. रडू मी गिळलं, मला त्याची सवय झाली आहे.

त्याच आठवड्यात, जेवणाच्या सुट्टीत, मी त्या म्युझियमची सगळी माहिती फोनवर वाचून काढली. फोटो पाहिला. काळपट, वाळक्या फांद्यांसारखी बोटं. खाली लिहिलं होतं, की सगळ्यात आधी डाव्या कुशीत चीर देऊन आतडी, फुप्फुसं सगळं बाहेर काढत, पोट धुऊन स्वच्छ करत, आणि मगच मिठात ठेवत. माझा डबा तसाच राहिला. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की मासा पोट न काढता खारवला तर वरून पोतंभर मीठ ओता, तो आतून नासतोच. म्युझियमवाल्यांचं ते वाक्य आईच्या कानावर पडलं की पुढचं तिला समजावून सांगायची गरजच नव्हती. माझ्या भावाचं पोट कुणी साफ केलं होतं?

आणि अगदी तळाशी वेळा दिल्या होत्या. सोमवारी बंद.

मी फोन उलटा ठेवला. आईला सांगायचं होतं, वार बदलायचा होता, दोन मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. मी ठरवलं, की तिला तिथवर न्यायचं, बंद दार दाखवायचं आणि म्हणायचं, बघ, नशिबात नव्हतं. रजा परत मिळणार नाही, प्रदर्शन उठून जाईल, विषय संपेल. तिची आशा वेडी असली तरी तिच्याच जोरावर ती रोज पहाटे उठून टोपली भरत होती. ती मी कशी काढून घेऊ? मी स्वतःची अशी समजूत घातली. लबाडीला माणसाला कारणं बरी सुचतात.

रविवारी मी आईकडे गेले तेव्हा ती आणि पोरगी डोक्याला डोकं लावून बसल्या होत्या. मला बघून गप्प झाल्या. मी लक्ष दिलं नाही. आई म्हणाली, "उद्याला जुने पेपर घे दोन. बसायला."

"म्युझियममध्ये बाक असतात, आये."

"असू दे. घे."

शाळा पुन्हा सुरू झाली होती, पोरीला तिकडे धाडून आम्ही दोघी निघालो. वाशीहून बस पकडली. आईनं कडेवरच्या पोरासारखी पिशवी मांडीवर धरली होती, त्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि भेंडीची भाजी, सोमवार म्हणून. खाडीपूल आला तसं तिनं नेहमीप्रमाणे तोंड खिडकीकडे केलं आणि पूल संपेपर्यंत पाण्यावरून नजर काढली नाही. त्या वाटेवर मी खिडकीशी बसतच नाही.

म्युझियमचं फाटक बंद होतं. मी आश्चर्य वाटल्याचं सोंग केलं, "अगं बाई, आजच बंद!" माझाच आवाज मला खोटा वाटला. वॉचमन खुर्चीवर बसला होता, साठीच्या घरातला. "मावशी, सोमवारी सुट्टी असते. उद्या या."

मी आईचा दंड धरून म्हटलं, "चल, नशिबात नव्हतं."

तिनं दंड सोडवून घेतला. फाटकाजवळ गेली आणि गजांतून त्याला विचारलं, "आत त्यो मिठातला मानूस हाय ना?"

"ममी? आहे ना."

"तू बघलास?"

"रोज बघतो, मावशी. चार महिने झाले."

"त्याला मिठात घालायच्या आदी पोट काराचे का?"

मी म्हणणार होते, चल ना आता, ऊन लागतंय. पण वॉचमन कौतुकानं सांगू लागला होता. शाळेची पोरं येतात, गाइड रोज तेच सांगतो, त्याचंही पाठ झालं होतं. "तर! पोट आधी. इथून चिरायचे, आतडी-बितडी सगळी बाहेर, चांगलं धुवायचे. मग मीठ. नाहीतर टिकेल कसं?"

"नाय टिकायचा," आई म्हणाली.

तिनं पिशवी खाली ठेवून फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर माझ्याकडचे पेपर पसरले. मला भाकरी वाढली, वॉचमनला गजांतून एक दिली. स्वतः खाल्लं नाही. परत येताना खाडीपुलावर तिनं पाण्याकडे पाहिलं नाही, मांडीवरच्या रिकाम्या पिशवीच्या घड्या घालत राहिली. वाशीला उतरताना म्हणाली, "भटाला सांग. ये आयतवारी करू. बाजार ऱ्हाऊ दे."

रविवारी तिनं बाजार सोडला, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

खाडीकाठी विधी झाला. भटजीनं दर्भाचा पुतळा बांधला, डोक्याच्या जागी नारळ. आई समोर बसून बघत होती. "यवरा बारीक नव्हता माजा पोर," ती म्हणाली. भटजीनं मुकाट्यानं आणखी दर्भ लावला. मग तिनं पदराखालून माझ्या भावाचा निळा शर्ट काढला आणि पुतळ्यावर पांघरला. गवतच ते, भराभर जळलं. माणसाला लागतो तेवढा वेळसुद्धा त्याला मिळाला नाही. मी दक्षिणा, पाणी, पानं, लोकांच्या खुर्च्या, सगळं बघत होते.

दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी मी पोरीला न्यायला गेले. ती आत अभ्यास करत होती. आई ओट्यावर, पुढ्यात बांगडे, शेजारी मिठाचं भांडं. सुरी पोटातून फिरवायची, बोटानं आतलं काढायची, धुवायची, मीठ भरायची. तिची बोटं बघता बघता माझ्याच्यानं राहवेना.

"आये, तुला एक सांगायचंय. म्युझियम सोमवारी बंद असतं, हे मला आधीच माहीत होतं."

"मनापन," ती म्हणाली. हात थांबला नाही. "तुजे पोरीनं वाचून दाखवलान."

"मग आलीस कशाला?"

"दार बंद असतो. वाचमन तर असतो ना? मना बघायचा नव्हता, इचारायचा व्हता. खारवायची रीत मना ठाव हाय. दुसरी रीत असली तर असली, म्हनून इचारला."

"मग मला बोलली का नाहीस? मंगळवारी नेलं असतं तुला. आत जाऊन नीट..."

"तुला नसता बघवला," आई म्हणाली. "सगली मना इचारतान, पोर गेला तुजा, पोर गेला तुजा. तुजापन भाऊस व्हता. तीन वर्सं झाली, तू एकदा रडली नायस."

मी म्हटलं, पोरीला भूक लागली असेल, घरी भात लावायचाय, उशीर होतोय.

आईनं मिठाचं भांडं सरकवलं आणि ओट्यावर माझ्यापुरती जागा केली.

"आज सोमवार हाय," ती म्हणाली. "बस."

मी बसले.